एकोणीस सेकंद आत

उद्यमबागेत माझं लेथ आहे, म्हणजे मालकाचं,
पण त्याच्या चकचा आवाज मला विचारून बदलतो.
सव्वीस वर्षं पोलादाचं पोट कोरतोय.
मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी
अख्खा माल परत आलेला पाहिलाय.
म्हणून चार तास हा आकडा
मला कधी गोल वाटला नाही.
त्याला आतली बाजू होती, आणि बाहेरची.
मी अकरा वर्षं बाहेर होतो.

चार सत्तावीस. चार एकोणीस. चार अकरा, गुडघ्यासकट.
एक वर्ष पोटरी, एक वर्ष नाईट शिफ्ट.
गेल्या साली चार तास, शून्य मिनिटं, अडतीस सेकंद.
अडतीस सेकंदांत माणूस बुटाची नाडी बांधतो,
आणि मी ती खरंच बांधली होती, मच्छ्याच्या वळणावर.
मंगल म्हणाली, "अडतीसच न्हवं? सोडून द्या की.
कोण बघालंय?"
कोणीच बघत नव्हतं. तेच तर.

पहाटे साडेचारला तिसऱ्या गेटपाशी यायचा
गुरशिद्द तिगडी, पोस्टातला.
तो कानडीत मोजायचा, मी मराठीत दमायचो.
वंद, यरड, मूर, नाक.
व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालच्या अंधारात
माझी पावलं त्याच्या आकड्यांवर पडायला लागली,
ती अजून तशीच पडतात.
यंदा त्याचा खुबा गेला. डॉक्टर म्हणाले, सायकल.

रविवारी थंडी होती. पिरनवाडीत चुलींचा धूर.
तीस किलोमीटरपर्यंत मी कुणीच नव्हतो, नुसता वेग.
बत्तिसाव्याला मांड्या आल्या.
पस्तिसाव्याला शिव्या,
आधी माझ्या, मग गुरशिद्दाच्या.
अडतिसाव्याला घड्याळाकडे बघायचं धाडस संपलं.
खानापूर रोडला कुणाच्या तरी हौसेची हलगी वाजत होती,
आणि पलीकडून, सायकल मांडीला टेकवून,
गुरशिद्द हात वर करून ओरडला,
"यरड निमिष..."
पुढचं हलगीनं खाल्लं.

दोन मिनिटं.
हातात, की अंगावर?
मी अंगावर धरली.
मापात शंका आली तर वाईटच धरायचं,
सव्वीस वर्षांत एवढं तरी शिकलोय.
शेवटचे चार किलोमीटर कसा धावलो
ते मला विचारू नका.
एक कुत्रं आठवतं, कॅम्पातल्या बेकरीचा वास,
आणि वंद, यरड, मूर, नाक,
कधीच पाचावर न जाणारं.

तीन एकोणसाठ एकेचाळीस.

टाळ्या पडल्या त्या माझ्या मागून येणाऱ्या मुलीसाठी,
तिचं अख्खं कॉलेज आलं होतं.
मी कठडा धरून आकडा पुन्हा पुन्हा वाचला,
गेज लावून बघतात तसा.
गो जातोय का? गेला.
नो-गो अडकतोय का? अडकला.
पास.
रडू आलं नाही. भूक लागली,
लाज वाटावी अशी.

गुरशिद्द लंगडत आला,
लिंबू-मिठाची बाटली तशीच भरलेली.
विचारलं, "दोन मिनिटं कमी होती की जास्त?"
"कसली?"
"तूच ओरडलास की."
"अरे, यरड निमिष निंदरो म्हटलं!
दोन मिनिटं थांब, पाणी पी.
तोंड बघितलं हुतंस काय तुझं?
खरं तू कुठं थांबालास!"

मग कठड्यावर बसून दोघांनी ती बाटली संपवली.
पुरी दोन मिनिटं लागली. मी मोजली.

सोमवारी पहिली पाळी.
डबा देताना मंगलनं विचारलं, "कितवं आलासा?"
"दोनशे सातवा."
"बरं," म्हणाली,
आणि डब्यात चमचाभर कुंदा जास्तीचा निघाला.

परत आल्यावर खिडकीसमोरच्या भिंतीवरचा कागद काढला,
चार तास लिहिलेला, कोपरे करपलेले.
खाली रंग नवाच होता,
वीतभर चौकोन, अकरा वर्षं ऊन न लागलेला.
त्याचं आता काय करायचं
हे काही मला ठरवता येईना.