इतिवृत्त

मार्चचा पहिला मंगळवार. शाळेच्या जिममध्ये
बास्केटबॉलच्या रेघांवर घडीच्या खुर्च्या,
बुटांखाली बर्फाचं काळं पाणी,
आणि कोपऱ्यात मी, गावाची उपकारकून,
इतिवृत्त लिहायला बसलेली.

हे व्हरमाँट. वर्षातून एक दिवस
इथं गावच सरकार असतं.
खडीच्या ढिगापासून ग्रंथपालाच्या पगारापर्यंत
सगळं हात वर करून ठरतं.
नागरिक होऊन मला दोन वर्षं झाली,
अजून आत शिरताना
परक्या लग्नघरी शिरल्यासारखं होतं.

कलम नऊ: रस्ते-कामगारांचा आरोग्य विमा. कपात मंजूर.
कलम चौदा: तळ्याकाठच्या बंगल्यांकडचा रस्ता
डांबरी करावा का?

ऑरिन टॅट्रो उठला. बर्फ उपसणाऱ्या ट्रकवर चोवीस हिवाळे.
टोपी हातात. कागद नाही.
"त्या रस्त्यावर पहाटे तीनला मी एकटा असतो.
घरं अंधारी, पण धुराड्यांतून वाफ.
आत माणूस नाही. नळ गोठू नयेत म्हणून
हीटर चालू.
माझी पोरगी कोट घालून अभ्यास करते,
तुमचे नळ…"

घड्याळ वाजलं. अंडी उकडायचं,
सभापतीच्या बायकोनं घरून दिलेलं.

कॉर्डेलिया व्हिटलॉक उठल्या. आवाज चढला नाही.
"ऑरिन, हा मत्सर झाला.
इथं आपण सगळे समान आहोत.
तुम्हाला दोन मिनिटं, मलाही दोनच."

हे खरंच होतं. त्यांनी दीडच वापरलं.

मत्सर. मी टंकताना थबकले.
आमच्यात म्हणतात, जळतो मेला.
जळतो तो जळतो,
पण शेकत कोण बसलेलं असतं,
ते म्हणीत येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत घेवड्याचं सूप, मक्याचा पाव,
सगळ्यांना एकाच डावानं.
पंक्तिप्रपंच नाही.
पंगत उठल्यावर कोण कुठल्या घरी जातं
हे वाढणारीला विचारायचं नसतं.

गेला महिनाभर मी तळघरातल्या जुन्या वह्या
उतरवून घेते आहे. अठराशे सातची वही,
शाई चहासारखी:
"थँकफुल पेटिंगिल, विधवा, मुलं तीन.
तिला पोसण्याचा लिलाव झाला.
सर्वांत कमी बोली: आठवड्याला सदतीस सेंट."
खाली: "सभेने बहुमताने मान्य केले."
अशीच सभा असणार.
हात वर गेले असणार, शेणानं, शाईनं, पिठानं माखलेले,
राजाला हाकलून तीस वर्षंही न झालेले हात.
थँकफुलचा त्यात नव्हता.
ती काय बोलली, वहीत नाही.
बोलली असेल, असं मला उगाच वाटतं.

दुपारी आवाजी मतदान. कळेना.
मग हात मोजले. मीही माझा वर केला, विरोधात;
कारकुनालाही मत असतं, हे विसरतात लोक.
एकाहत्तर विरुद्ध अडुसष्ट. रस्ता मंजूर.
बाजूनं पडलेला एक हात रेमंडचा,
ऑरिनच्या सख्ख्या मेहुण्याचा,
ज्याच्याकडे तालुक्यातला एकमेव रोलर आहे.
ऑरिननं तो पाहिला. मान हलवली.
राग होता का त्यात? नक्की सांगता येत नाही.

पाच वाजता खुर्च्या आवरायला
तो आणि कॉर्डेलिया, एकाच ढिगाला.
ती म्हणाली, गुडघा कसा आहे.
तो म्हणाला, विमा होता तोवर बरा होता.
दोघंही हसले. मला हसता आलं नाही.

नियमानं माझं वाक्य एवढंच:
"चर्चेअंती कलम चौदा मंजूर, ७१–६८."
रात्री घरी, हीटर एकोणीसवर,
त्याखाली मी आणखी एक लिहिलं:
"ऑरिन टॅट्रो बोलले. त्यांचं वाक्य अर्धं राहिलं."

पुढच्या बैठकीत समिती ते खोडेल बहुधा.
हात वर करून.