ताटलीचं अंतर

लेम्हाय खोऱ्यात ऑक्टोबर लागला की
बाबा गॅरेजच्या फळीवरून
कागदी ताटल्यांची चळत खाली काढतात.
सहलीत वापरून फेकतात त्या, साध्या, पांढऱ्या.
एल्कची फुप्फुसं एवढीच, ते म्हणतात,
एवढ्या थोरल्या धुडात
नेम धरायची जागा एवढीशीच.

प्रत्येक ताटलीमागे पेन्सिलीनं साल आणि अंतर.
आई गेली त्या वर्षी : तीनशे यार्ड.
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर : दोनशे चाळीस.
मधल्या एका ताटलीवर आकडा नाही,
नुसतं 'वारा' लिहिलंय.

काडतुसं ते स्वतः भरतात,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रेडिओ बंद करून.
सोनार गुंजा तोलतो तशी दारू तोलतात,
श्वास बाजूला वळवून.
थर्टी-ऑट-सिक्स. एकशेऐंशी ग्रेनची गोळी,
शिसं तांब्याच्या कवचाला घट्ट सांधलेलं,
खांद्याच्या हाडावर तिनं विखरू नये,
आत जावं, आणि पलीकडून निघावं.
हलकी गोळी पळते झकास,
पण हाड आडवं आलं की
बोलघेवड्या पाहुण्यासारखी
उंबऱ्यातच संपते.

दुकानातला ट्रेंट म्हणाला, मिस्टर स्टॅनर्ड,
या वयात मॅग्नम घ्या. सातशे यार्डांवरूनही
काम होतं.
बाबांनी ते लांबलचक काडतूस तळहातावर घेतलं.
तळहात कापत होता. काडतूसही कापत होतं.
"बघ," ते म्हणाले, "यालाही झालाय."

मग आमची परीक्षा.
गुरांच्या वाड्यामागची चढण धापा लागेस्तोवर चढायची,
बसकण मारायची, कोपरं गुडघ्यांवर, तीन गोळ्या.
खुर्चीत निवांत बसून मारलेली धरायची नाही;
एल्क काय तुझ्या टेबलासमोर येऊन उभा राहणार आहे?

दोनशेला एक ताटलीत, दोन मातीत.
दीडशेला दोन.
मी ताटली पुढे पुढे आणत राहिले.
एकदा वाटलं, बोटानंच पाडावं एक भोक,
कोण बघतंय?
नव्वदला तिन्ही.
त्यांनी नव्वद लिहिलं. नवाची शेपटी
कागदाबाहेर गेली.
माझी ताटली दोनशेची.

पाचव्या दिवशी, उजाडताना,
अस्पेनच्या पिवळ्या झाडीतून तो बाहेर आला.
आधी गंजलेलं फाटक उघडावं तसा आवाज,
मग त्याच आवाजाची शीळ,
मग शिंगं, आणि मग सावकाश
तो सगळाच्या सगळा.
आडवा उभा. मानेवर दव.
मी दुर्बिणीतला आकडा कुजबुजले : दोनशे दहा.

दहाच यार्ड.
आमच्या अंगणाची रुंदी याहून जास्त आहे.
गोळीला काय कळतंय दहा यार्डांचं,
तिला माझ्या छातीतली धडधडही कळत नाही,
पण माझ्या बोटाला कळत होती.
बाबा माझ्याकडे बघत नव्हते.
ते गवताच्या शेंड्यांकडे बघत होते,
शेंडे डावीकडे झुकत होते, मग थांबत होते, मग झुकत होते.

'वारा' लिहिलेल्या त्या वर्षी
ते तीन दिवस रक्ताच्या थेंबांमागे चालले होते.
चौथ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली.
हे मला आईनं सांगितलं, त्यांनी कधीच नाही.

मी सेफ्टी लावली. टक्.
तेवढ्यानं त्याचा कान वळला,
आणि मग तिथं नुसती पिवळी झाडं होती.

उतरताना, दगडावर बसून,
मी बोल्ट मागे ओढत एकेक काडतूस बाहेर काढलं
आणि बाबांच्या तळहातावर ठेवलं.
चार. त्यांनी दोनदा मोजले.
थरथरत्या मुठीत ते एकमेकांवर किणकिणत राहिले.
"पुढच्या वर्षी," ते म्हणाले,
"ताटलीच मोठी आणू या का?"
आणि इतक्या मोठ्यानं हसले
की दरीपलीकडून कुणीतरी शीळ घालून
ओरडलं आमच्यावर.