शून्य कार्य

भवानी पेठेतल्या रात्रशाळेत
वर्ग सव्वासातला भरतो, असं दारावर लिहिलंय.
खरं तर तो स्वारगेटच्या सिग्नलवर
आणि गाळ्यांच्या शटरवर अवलंबून असतो.
मी हजेरी शेवटी घेते.

विमल तिकोणे, पीएमपीत कंडक्टर,
कात्रज ते शिवाजीनगर, सात वर्षं.
जडत्वाची व्याख्या तिला काही केल्या पाठ होत नाही.
पण ब्रेक लागायच्या आत
सुट्टे मोजता मोजता ती अंमळ मागे रेलते
आणि पुढे फेकले जातात ते बाकीचे.
"बस थांबते हो बाई,
अंगाला कुणी कळवत नाही."
मी म्हटलं, हेच लिही.

युनूस तांबोळी रविवार पेठेत कुकर दुरुस्त करतो.
शिट्टी तळहातावर झेलून सांगतो
कंपनीची की नकली.
पाणी शंभर अंशांना उकळतं, हे वाचून
त्यानं कुठून तरी थर्मामीटर पैदा केलं,
दुकानातच पातेलं चढवलं.
अठ्ठ्याण्णव.
पाणी बदलून परत अठ्ठ्याण्णव.
"पुस्तक चुकलं का पुणं?"

पुस्तक समुद्रकाठचं, मी म्हटलं.
आपण साडेपाचशे मीटर वर.
डोक्यावरची हवा तेवढी विरळ,
पाण्याला दाबून धरणारं तेवढं कमी.
मागच्या बाकावरून कुणीतरी:
"म्हणजे इथलं पाणीसुद्धा लवकर उसळतं!"
वर्ग हसत सुटला.
युनूस मात्र हसला नाही, विचारात होता.
"मग शिट्टी म्हणजे
कमी पडलेली हवा परत ठेवायची,
वर थोडी जास्तीची."
एवढं चांगलं मला कधी सांगता आलं नव्हतं.

आणि मग मंगळवारी कार्य आलं.
फळ्यावर मी माणूस काढला, काड्यांचा.
खांद्यावर पोतं. बल वर.
चालतोय आडवा. विस्थापन आडवं.
मधे काटकोन.
म्हणून कार्य शून्य.

सिद्राम घोलप, मार्केट यार्ड, भुसार विभाग.
उठला नाही, नुसता हात वर केला.
"थप्पीवरनं खांद्यावर,
खांद्यावरनं तेवढ्याच उंच थप्पीवर.
मधे साठ पावलं.
पन्नास किलोचं एक, दिवसाला दोनशे.
शून्य?"

शून्य.

"मग हमाली कशाची देतात?"

तेवढ्यात वीज गेली.
पंखा मात्र अंधारात फिरत राहिला थोडा वेळ.
"जडत्व," विमल म्हणाली, तिच्याही नकळत.

दिवे नव्हते म्हणून मला बोलता आलं.
भिंतीतली खुंटीसुद्धा पोतं पेलते, सिद्राम,
तिला भूक लागत नाही.
स्नायू तसा नाही.
एकदा आवळला आणि झालं, असं नसतं.
आतले धागे सुटतात, परत धरतात, परत सुटतात,
पोतं जागचं हलो न हलो.
सकाळची भाकरी तिथं खर्ची पडते.
पोत्याच्या खात्यात काही जमा होत नाही,
सगळी उष्णता होते, तुझ्याच अंगात.

"आणि घाम?"
ती बाहेर काढायला.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
रस्त्यावर टेम्पो मागे घेत होता कुणीतरी,
येऊ दे, येऊ दे, बास.

"मग तसं लिहा की बाई.
पोत्यावर शून्य, असं."

दिवे आले. मी लिहिलं,
'पोत्यावर केलेलं', कार्य या शब्दाच्या आधी,
जागा नव्हती म्हणून बारीक अक्षरात.
त्यानं सावकाश उतरवून घेतलं.
परीक्षेत नुसतं शून्य लिही, मी म्हटलं,
मार्क त्याचेच आहेत.
"माहितीये," म्हणाला.

साडेनऊला वह्यांचा गठ्ठा
माझ्या हातातून त्यानं काढून घेतला.
मी नको नको म्हणत राहिले.
"राहू द्या. रामोशी गेटपर्यंत सपाटच आहे.
शून्य."

आधी जिना उतरायचा होता, दोन मजले.
उतरताना ते ऋण होतं,
पण ते पुढच्या मंगळवारी.