तार राहू दे

दोंडाईच्यात मी सगळ्यांना वरून ओळखायचो.

कोणाच्या धाब्यावर पाय हळू टाकायचा,
कोणाच्या पत्र्यावर खिळ्यांच्या रांगेवरूनच चालायचं,
कुठल्या गच्चीवर मिरच्या पसरल्यात म्हणून
शिंकत शिंकत केबल ओढायची,
हे वहीत लिहिलेलं नव्हतं.
वहीत फक्त नावं. चौदाशे बारा.
नावापुढे दीडशे रुपये
आणि निम्म्यांपुढे पेन्सिलीनं:
'पुढला बाजारले देसू.'

मॅच ऐन रंगात, आणि लाइन गेली
की अख्खी गल्ली ओरडायची,
हिलाल्या कोठे मरी गया रे!
माझ्या आईनंही मला
इतक्या जोरात हाक मारली नसेल.

माझं स्वतःचं एक चॅनलही होतं.
दुपारी चारला लोकांच्या लग्नांच्या कॅसेटी,
खाली सरकणारी पट्टी:
काळ्या कानाची शेळी हरवली आहे,
देवरे सरांचा गणिताचा क्लास सोमवारपासून,
सुकलाल चौधरी यांचा दशक्रियाविधी उद्या, नदीवर.
एकदा घाईत शेळी आणि सुकलाल
एकाच ओळीत गेले.
चौधरी वर्षभर बोलले नाहीत.
शेळी सापडली.

मग रस्त्याच्या कडेनं कोणीतरी चर खोदली,
तिच्यात निळा पाइप पुरला.
युनूस पिंजारी, माझ्याच शिडीवर शिकलेला,
कंपनीचा टी-शर्ट घालून भेटायला आला.
म्हणाला, शेठ, यात चढावंच लागत नाही.
आनंदानं सांगत होता.
त्याचा डावा गुडघा माझ्याच कामात गेलेला,
मी काय बोलणार.
चहा सांगितला. साखर जास्त.

आता ज्याचा त्याचा पडदा
ज्याच्या त्याच्या हातात.
मॅच आताही अडकते.
मधोमध एक गोल फिरत राहतो, फिरत राहतो,
आणि शिव्या द्यायला
कोणाचं नाव नाही.

यंदा ऐन चैत्रात पक्कड घेऊन निघालो,
केबल उतरवायला.
आतल्या तांब्याचे भंगारात थोडेफार येतात.
भोई गल्लीत, शेवटच्या धाब्यावर
सुपडाबाई आधीच उभ्या.
कनेक्शन काप भाऊ, म्हणाल्या,
पन तार राहू दे.
तिनावर गोधड्या वाळतस.

पाहिलं तर खरंच.
दोन हजार दोन साली मी ताणलेली तार,
तिच्यावर तीन गोधड्या, एक परकर,
शाळेची खाकी चड्डी,
आणि टोकाला कोणीतरी बांधलेली लसणाची जुडी.
मधोमध झोल पडला होता.

काळी केबल सोडवून गुंडाळली.
मग पक्कड लावली,
तारेला दोन पीळ जास्त दिले.
गोधड्या जमिनीपासून हातभर उचलल्या.

कितला झायात? त्यांनी विचारलं.
हात सवयीनं
खिशातल्या पावतीपुस्तकाकडे गेला.

पुढला बाजारले देजो, म्हटलं.