अभ्यागत वही

तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांमधल्या चुका हुडकल्या.
शाई सरकलेली, आकडा तिरका,
धागा जागेवर नाही.
चळत हाताखालून जाताना
आधी बोट थांबायचं, डोळे मागून.

आता महिन्यातून एकदा
जेलरोडच्या भिंतीला लागून चालते.
फाटकावर मोबाइल जमा, पर्स जमा,
चष्मा तेवढा माझ्याकडे राहतो.
आदेशात लिहिलंय : अशासकीय अभ्यागत.
पाहुणी, थोडक्यात.
पाहुणीसाठी भिंतींना चुना लागलेला असतो,
अजून ओला. पदराला येतो.

"या नेरकर मॅडम, वरण चाखून बघा."
वरण घट्ट आहे.
इतकं, की रांगेतला एक म्हातारा
वाटीकडे ओळख नसल्यासारखा बघतो.

बराक सहा. क्षमता पन्नास, पाटीवर.
मी मोजते. सवय जात नाही.
एकशे बत्तीस, आणि दवाखान्यात दोन.
"काही तक्रार?"
माझ्या खांद्यामागे हवालदाराचा श्वास.
"नाही बाई," सगळे एका सुरात,
शाळेत दिपोटीसाहेब आल्यावर म्हणायचो तसं.

फक्त मोतीराम भोये, सुरगाण्याकडचा,
बोलत नाही. दोन्ही तळहात पुढे करतो,
भविष्य बघायला दिल्यासारखे.
बेचक्यांत खरूज, पार मनगटापर्यंत.
माझं बोट थांबलं.
जामीन मंजूर होऊन चौदा महिने झालेत.
पंधरा हजारांना जामीनदार मिळत नाही.
पंधरा हजार!
माझ्या हाताखालून एका श्वासात जायचे.

वही मागवते.
मागच्या पानावर माझंच अक्षर :
बराक सहा, खरूज, मलम नाही, नळ एकच.
खाली लाल शाईत : नोंद घेतली.
त्याच्या मागच्या पानावरही तेच.
प्रेसमध्ये चूक सापडली की कागद बाजूला निघायचा,
त्याचे तुकडे व्हायचे, बदली नोट यायची.
इथे चूक जिथल्या तिथे झोपते,
कुशीवर. उताणं व्हायला जागा नाही.

अधीक्षक सभ्य आहेत. चहा सांगतात.
"तुम्हीच एक दर महिन्याला येता, मॅडम.
पुढचा मंगळवार धरू ना?"
धरा, म्हणते.
मी रविवारी येणार आहे, भर दुपारी,
चुना वाळलेला असताना.

मग लिहिते. या खेपेला बराकीचा आकडा नाही.
मोतीराम काळू भोये. दोन्ही हात.
खाली तारीख, वेळ, सही.
कारकून वही ओढायला लागतो.
"थांबा," म्हणते,
आणि शाई वाळेपर्यंत
तळहात पानाशेजारी ठेवून बसते.