दोन फुंकण्या

डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी तीनदा फुंकायला लावा,
त्यातला मोठा आकडा लिहून ठेवा.
पांढरी नळी, तिच्या पाठीवर सरकणारा लाल काटा.
ओजस तिला फुंकणी म्हणतो.

फुंकणी घरात आधीच एक होती,
न्हाणीच्या चुलीपाशी, लोखंडी,
सासूबाई या घरात आल्या तेव्हापासूनची.

आकडे मी कॅलेंडरात लिहू लागले,
सिलिंडर कधी आला, पाडेली कधी येऊन गेला
ते जिथे लिहितो तिथेच.
संकष्टीच्या चौकटीत एकशे सत्तर.
एकशे पासष्ट.
एका रविवारी दोनशे दहा.

दोष मी इनासला दिला.
कुंपणापलीकडे तो रोज पातेरा पेटवतो,
आंब्याचा, काजूचा, फणसाचा,
आणि त्यात सापडेल ते.
मी मनातल्या मनात भांडण तयार ठेवलं होतं,
कोकणीतून, नीट वाक्यं जुळवून.
पण इनास आठ दिवस मडगावला लेकीकडे गेला,
त्याच्या अंगणात पानं साचत राहिली
आणि आकडा होता तिथेच.

मग रविवारच का?

फोंड्याहून परतताना, बस शिरोड्याच्या वळणावर आली तेव्हा
उत्तर आपोआप समोर येऊन बसलं.
रविवारी दामूला कामावर जायचं नसतं.
रविवारी भाण नऊला तापतं.
ओजस सातला फुंकतो.

करवंट्या सहजी पेटत नाहीत.
दुधाची रिकामी पिशवी खाली खोचली, काडी लावली
की भरभर घेतात.
ही युक्ती दामूची नाही, सासूबाईंची नाही.
माझी.
लग्नानंतर पहिल्या महिन्यात दाखवलेली,
कौतुक झालेली.
न्हाणीचं धुराडं ओजसच्या खिडकीखाली उघडतं
हेही मला माहीत होतं,
जसं आपल्याला आपल्या घरातलं सगळं माहीत असतं.

आता काळं पिंप गच्चीवर उन्हात असतं.
दामू संध्याकाळी न्हातो, सकाळी कुरकुरतो.
दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळतात,
बावट्यांसारख्या, कुठल्या पक्षाच्या कोण जाणे.
सासूबाईंना मात्र
धुराचा वास नसलेलं पाणी ओलंच वाटत नाही.
तिन्हीसांजेचा धूपही मी बंद केला तेव्हा
दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत,
तिसऱ्या दिवशी देवाला अबोली जास्त वाहिली.

इनासकडे मी गेले, पण भांडायला नाही.
आधी स्वतःच्या पिशव्यांचं सांगितलं.
तो हसला. दोन माडांच्या आळ्यांत त्याने पातेरा भरला,
तिसऱ्यापाशी कंबर धरली.
अजून पेटवतो कधीकधी,
पण आधी कुंपणावरून हाक येते,
“बाये, जनेल धांप गो!”
मी खिडकी लावते.
एवढं झालंय, याहून जास्त नाही.

काल अडगळीत ओजसला ती जुनी फुंकणी सापडली.
त्याने तोंडाला लावली आणि जोर केला.
घूं असा आवाज आला, फेरीबोटीसारखा,
आणि ओठांभोवती काजळीचं गोल कडं.
उलटसुलट करून त्याने ती बघितली.
“हिच्यावर आकडे का नाहीत?”

कुणी काही बोललं नाही.
सासूबाई कांदे निवडत होत्या, उठल्या,
पदराने हात पुसले
आणि पांढरी नळी मागून घेतली.
एकदा. मध्येच खोकला.
दुसऱ्यांदा.
तिसऱ्यांदा डोळे मिटून, गाल फुगवून,
ओल्या लाकडापुढे बसतात तशा.

काटा थोडा सरकला, थांबला.
एकशे चाळीस.

“बरा की वाईट?” त्यांनी विचारलं.

ओजसने पेन्सिल आणली.
त्याच्या आकड्याखाली जागा अगदी थोडी होती,
मी बारीक अक्षरात लिहिलं.