ओठांची अक्षरं

ग्रिम्सबीच्या बंदराकडे पाठ करून उभं आमचं वृद्धाश्रम.
बावीस खोल्या, बावीस मिटलेली दारं.
मी लागले एप्रिलात. सगळ्यांना
माझा चेहरा म्हणजे फक्त कपाळ.

नऊ नंबरात वॉल्टर ऑसगर्बी, वय एक्याण्णव.
मासेमारी बोटीच्या इंजिनघरात कान गेले,
तेव्हापासून माणसांचे ओठ ऐकतो.
"गोळ्या घ्या," मी मास्कमधून म्हणते.
तो माझ्या भुवया वाचू बघतो.
पाटीवर लिहिलं, तर म्हणाला मुंग्या दिसतात.
तिसऱ्या दिवशी त्याने तोंड भिंतीकडे केलं.
याला जपणं म्हणतात. मीही म्हणते,
साबणाने मनगटापर्यंत हात धुताना.

चौदा नंबरातल्या बाईंचे सपाते
मीच पिशवीत बांधले, त्या रात्री.

दुसऱ्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीत,
गुलाबाच्या वाफ्यात शिरले, चिखल बुटांत.
काचेवरचं समुद्राचं मीठ बाहीने पुसलं,
काच वाजवली, हात हलवले,
आणि मास्क काढला.

तो खुर्ची ओढत आला.
"अगं, तुझ्या दातांत फट आहे!"
इतक्या मोठ्याने, की काचेपलीकडेही ऐकू आलं.

मग रोज पंधरा मिनिटं.
त्याने शिकवलं : प, ब, म दिसतात, पण जुळ्यांसारखे;
क आणि ग घशातच राहतात.
ओष्ठ्य, कंठ्य — शाळेत घोकलेलं
एवढ्या लांब येऊन कामी आलं.

एकदा गारठ्याने जीभ घसरली,
बोलत गेले मराठीतच :
आई कराडला एकटी आहे,
शेजारचा पोरगा कडीला दूध अडकवून जातो,
बाहेर पडू नकोस म्हटलं की आई
रुसते, फोन ठेवते,
आणि मी इथे कुणाकुणाच्या आईला
चमच्याने भरवते, आई गं,
तुझ्या तापाचा आकडा कुणी बघायचा?

त्याने शेवटपर्यंत पाहिलं.
"काही कळलं नाही," म्हणाला.
"पण एक शब्द सारखा येत होता.
ओठ मिटतच नाहीत. तोंड उघडतं,
मग हसल्यासारखं रुंद होतं.
काय आहे ते?"

सांगितलं. त्याने करून बघितलं,
काचेवर वाफ धरली.

सुट्टी संपली. मास्क, साबण, हातमोजे.
आत गेले तर गोळ्या आधीच तळहातावर घेऊन बसलेला.
"उद्या लिपस्टिक लावून ये," म्हणाला,
"दोननंतर काचेवर ऊन येतं."